भाऊ, तुमच्या कानांबद्दल

भाऊ, तुम्ही गेलात त्या दुपारी मी कामांची यादी केली. कोणीतरी करायलाच हवी होती. वराळ्याला माणूस पाठवणे. पारूवहिनींना लोणावळ्याला आणायचे नाही, तुम्हालाच घरी न्यायचे. लाकडे. हत्यारांच्या पेटीला कुलूप. ट्रकला कोणी हात लावायचा नाही. अशी नऊ कामं होती. दुसऱ्या दिवसापर्यंत आठ झाली. नवव्या ओळीत मी नुसतं ‘वडगाव’ एवढंच लिहिलं होतं, आणि ती ओळ तशीच राहिली.

वडगावला पोलिसांनी ट्रकच्या ड्रायव्हरला, कोंडूला, नेऊन बसवलं होतं. तुम्ही ट्रकखाली असताना त्यानं न विचारता गाडी पुढे घेतली, असा ट्रकच्या मालकांनी, शेठनी, जबाब दिला होता. शेठ त्या दिवशी पुण्यात होते. मी दहा पावलांवर होतो. कोंडूनं विचारलं होतं, आणि एकदा नाही, दोनदा. मी ते ऐकलं. तुम्ही ऐकलं नाहीत. का ऐकलं नाहीत, हे सांगितल्याशिवाय कोंडूच्या त्या विचारण्याला काही अर्थ येत नव्हता. आणि ते सांगायचं म्हणजे जी गोष्ट आपण दोघं दीड वर्ष एकमेकांशीही बोललो नाही, ती चार परक्या माणसांसमोर बोलायची होती.

म्हणून हे आधी तुम्हाला लिहितो आहे. क्रमानं लिहिता येईल असं वाटलं होतं, पण तसं होईलसं दिसत नाही.

लढाई संपल्यावर शेठनी लष्कराच्या डेपोतून तो ट्रक लिलावात घेतला, तेव्हा मी त्यांच्या लोणावळ्याच्या शेडमध्ये सामानाच्या कोठीवर कारकून होतो आणि तुम्ही पलटणीच्या वर्कशॉपातून सुटून नुकतेच गावी आला होतात. चारही चाकांना ओढ असलेली गाडी आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. पवन मावळात डोंगराच्या अंगानं गवत आणि कोळसा भरायचा, चिखलातून काढायचा आणि लोणावळ्याच्या स्टेशनवर उतरवायचा, एवढं तिचं काम. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत आणि कोंडूला म्हणालात, “ही गाडी न्हाई, दोन बैलजोड्या हायेत. चिखलात दोन्ही जुपायच्या. डांबरी सडकेला लागलास की फुडची सोडायची. न्हाई सोडलीस तर एकमेकीला वढत्यात अन् जू मोडत्यात.”

मी कोऱ्या वहीवर लिहिलं: ‘डांबरी रस्त्यावर पुढची चाकं सोडणे.’ तुम्ही वाकून पाहिलंत.

“बैल कुटं गेलं?”

“बैल लिहायची गरज नाही.”

“मग कोंडू इसरंल. चाक इसरतं, बैल न्हाई इसरत. यादीवाले, तुमची वही लय कोरडी हाय.”

त्या दिवसापासून मी ‘यादीवाले’ झालो. सत्तेचाळीस वर्षांत मला एवढं नेमकं नाव कोणी दिलं नव्हतं. कोंडू खरंच विसरला, पहिल्याच आठवड्यात. कामशेतपर्यंत सडकेनं पुढची चाकं जोडूनच आला, आणि मग ती सोडायची दांडी जागची हलेना. तो दोन्ही हातांनी ओढत होता. तुम्ही खिडकीत हात टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, “वढू नगंस. दहा हात मागं घे, नागमोडी.” त्यानं घेतली, आणि दांडी आपोआप सुटली. मी तेही लिहिलं. त्या वेळी मात्र कंसात ‘बैल’ असं लिहिलं. तुम्हाला दाखवलं नाही.

आवाजांची यादी हे आपलं खरं भांडण. तुमच्याकडे प्रत्येक आवाजाला नाव होतं. वेग सोडला-धरला की खालून एक ठोका बसतो ती ‘टाळी’. म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा सांधा झिजला. घरघर म्हणजे ‘जातं’, बेअरिंग गेलं. ठराविक वेगाला येणारा आणि त्याच्यावर गेलं की जाणारा तो ‘भुंगा’. दांडा वाकला किंवा त्याचा तोल गेला. आणि दातांच्या चाकांचा बारीक, लांबणारा सूर, ते ‘रडणं’. मी चौकटी आखल्या. आवाज कोणता. पाय दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर. सरळ रस्त्यावर की वळणावर. पुढची चाकं जोडलेली असताना की सोडलेली असताना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि आवाज गेला का पाहायचं. तुम्ही करायचात तेही नेमकं हेच, फक्त कागदाशिवाय. हे मी म्हटलं की तुम्हाला राग यायचा.

‘रडण्या’वर आपलं कधीच जमलं नाही. मी म्हणायचो, पाय दाबल्यावरचं रडणं आणि पाय सोडल्यावरचं रडणं हे दोन वेगळे दोष आहेत, दोन ओळी हव्यात. तुम्ही म्हणायचात, “बाई तीच हो. माहेरी येगळी रडती, सासरी येगळी. तुमी दोन बाया करताय.” मी दोन ओळी ठेवल्या. माझं आजही मत तेच आहे. तुम्हाला पटवून द्यायला आणखी काही दिवस मिळायला हवे होते.

आधी तुम्ही बाभळीची हातभर काठी घेऊन तिचं एक टोक गिअरच्या पेटीला लावायचात आणि दुसरं कानाला. मग कधीतरी ती काठी कानाजवळून दातांत गेली. डोळे मिटून, काठी दातांत धरून तुम्ही ट्रकखाली पडून असायचात, आणि बाहेर येऊन म्हणायचात, “मागचं जातं. डावीकडचं.” उघडून पाहिलं की तसंच असायचं. मला वाटलं ही आणखी वरची विद्या आहे. मी वहीत लिहिलंसुद्धा: ‘दातांनी ऐकणे, सर्वांनी शिकावे.’ मी सगळ्या गोष्टींच्या तारखा लिहितो, भाऊ. काठी कानाकडून दातांकडे कधी गेली ती तारीख तेवढी माझ्याकडे नाही.

मला कळलं ते एका रडण्यामुळेच. गिअरच्या मागे ती दुसरी पेटी आहे ना, जिथून ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटली जाते, तिथून सुईसारखा बारीक सूर यायला लागला होता. कोंडूनं ऐकला, मी ऐकला, वलवणहून गवत घेऊन आलेल्या माणसानंही ऐकला. तुम्ही गाडीत बसलात, धरणापर्यंत जाऊन आलात आणि म्हणालात, “कायबी न्हाई.” कोंडू माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, “भाऊ म्हणतात नाही, म्हणजे नाही.” आठवड्यानं पेटीतल्या एका चाकाचे दात उडाले. तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नाहीत. मला वाटलं, चूक झाली म्हणून.

मग मी लक्ष ठेवायला लागलो, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही. तुम्ही बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचात. पाठमोरे असलात की हाकेला ओ द्यायचा नाहीत आणि मग म्हणायचात, “कामात व्हतो.” एकदा तुम्ही पाठ करून पाना पुसत होतात, तेव्हा मी मागच्या मागे किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. मुद्दाम टाकला. तुम्ही वळला नाहीत. मी तो उचलला आणि कोठीत जाऊन बसलो. पलटणीतल्या तोफांनी केलं, की वर्कशॉपातल्या घणांनी, की आपलं आपणच झालं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात, आणि मला ते ‘नाही’ वहीत लिहावं लागलं असतं.

शेठना कळलं असतं तर त्यांनी तुम्हाला ठेवलं नसतं. साऱ्या मावळात तुमचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं. तळेगावचे लोक म्हणायचे, वराळ्याच्या भाऊंना गाडी दुरून ऐकवा, उघडायची गरज नाही. ते नाव काढून घेणारा मी कोण, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी किती वेळा सांगितलं असेल याची मोजदाद नाही.

आणि घाटातली ती सकाळ होती. ती आठवली की माझं तोंड बंदच व्हायचं. त्या दिवशी कोळसा घाटाखाली खोपोलीला उतरवून वर येत होतो. मागे अकरा मजूर, पुढे कोंडू, मध्ये तुम्ही, कडेला मी. वेगळा कसलाही आवाज नव्हता. इंजिनाचा नेहमीचा आवाज, बस. तुम्ही एकाएकी वहाणा काढल्यात आणि पाय पत्र्यावर सपाट टेकवलेत.

“थांब,” म्हणालात.

“हितं? चढावर?” कोंडू म्हणाला.

“थांब म्हन्तो न्हवं. दगुड लावा चाकाला.”

मागच्या फिरत्या दांड्याचे चारपैकी तीन बोल्ट गेले होते, चौथा निम्मा बाहेर होता. तो गेला असता तर दांडा निसटला असता, ओढ तुटली असती आणि माणसांनी भरलेली गाडी ऐन चढावर नुसत्या ब्रेकवर राहिली असती. आणि त्या ब्रेकची लायकी आपल्याला ठाऊक होती. मजुरांना कोणी काही सांगितलं नाही. ते रस्त्याच्या कडेला विड्या ओढत बसले. तुम्ही बोल्ट बसवत होतात आणि मी दिवा धरल्यासारखा नुसताच हात पुढे करून उभा होतो, हातात काहीच नव्हतं. चौदा माणसं तुमच्या तळपायांनी वाचवली. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर ‘कसं कळलं’ हेही विचारावं लागलं असतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी टोल्यांचा नियम केला. इंजिन चालू असताना खालच्याचं वरच्याला ऐकू जात नाही, असं कारण सांगितलं. ट्रकखालच्या माणसानं पान्यानं किंवा हातोडीनं लोखंडावर टोले द्यायचे. एक टोला: गिअर काढ. दोन: पुढची चाकं जोड आणि गिअर टाक. तीन: सोड. मोठ्या अक्षरात लिहून मी ते शेडच्या खांबाला डकवलं. कोंडूला वाचता येत नाही, म्हणून त्याच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. तुम्ही कागदाकडे पाहिलंत आणि मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ.

“बरं हाय,” म्हणालात. “यादीवाल्यानं एक तरी कामाची गोष्ट केली.”

तुम्हाला कळलं होतं ना, भाऊ, की मला कळलंय? मी दीड वर्ष तेच धरून बसलो, की तुम्हाला कळलंय आणि आपलं ठरलंय.

खालून वर काय सांगायचं ते त्या कागदावर आहे. वरच्या माणसाला खाली काही विचारायचं असेल तर काय करायचं, ही ओळ नाही. मी विसरलो नव्हतो. ती ओळ लिहायला घेतली असती तर कोंडू म्हणाला असता, “वरडून इचारीन की.” मग त्याला ओरडून का चालणार नाही, ते सांगावं लागलं असतं. म्हणून ती ओळ मी लिहिली नाही. सगळ्या यादीत एवढी एकच जागा मी समजून उमजून रिकामी ठेवली.

त्या दिवशी पुन्हा ते रडणं सुरू झालं होतं, त्याच दुसऱ्या पेटीत. तुम्ही मागची चाकं ठोकळ्यांवर उचललीत. पुढची जमिनीवरच होती. अशा वेळी पुढची चाकं जोडायची नसतात हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं. जोडली तर तीच गाडीला ओढून ठोकळ्यांवरून खाली घेणार. कोंडूनं तुमच्या इशाऱ्यावर गाडी गिअरमध्ये घेतली, मागची चाकं हवेत फिरली, तुम्ही काठी दातांत धरून ऐकलंत. मग एक टोला दिलात. त्यानं गिअर काढला. इंजिन नुसतं चालू राहिलं.

तुम्ही पेटीचे बोल्ट तपासायला लागलात. तुमची पद्धत मला पाठ आहे. बोल्टच्या डोक्यावर डावा हात, आणि हातोडीनं एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. सैल असला तर बोटांना कळतो. प्रत्येक बोल्टला दोन.

कोंडूनं दोन टोले ऐकले. त्याला चमत्कारिक वाटलं. तो बाहेर वाकून ओरडला, “भाऊ, मागनं ठोकळ्यावर हाय न्हवं? फुडची जोडू का?”

तुम्ही पुढच्या बोल्टकडे गेलात. दोन टोले.

“जोडू का, भाऊ?”

दोन टोले.

भाऊंनी तीनदा सांगितलं, म्हणजे त्यांच्या मनात काहीतरी असणार. कोंडूच्या जागी मी असतो तर मीही हाच विचार केला असता.

मी कोठीच्या दारात बेअरिंग मोजत होतो. त्याचा पहिला प्रश्न ऐकला तेव्हा मी सातावर होतो. त्या शेडमध्ये मी एकटाच होतो ज्याला ठाऊक होतं की तुम्हाला ऐकू गेलेलं नाही. ओळीत दहा बेअरिंग होती. एवढी ओळ पुरी करून उठावं, असं माझ्या मनात आलं. कोंडूनं पुढची चाकं जोडून गिअर टाकला; मी नऊ म्हटलं आणि गाडी ठोकळ्यांवरून पुढे गेली.

पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या ओसरीवर बसल्या होत्या. मी विचार करून गेलो होतो. बोलायच्या मुद्द्यांचा कागद खिशात होता. तो काढलाच नाही.

“वहिनी, भाऊंना अलीकडे ऐकू येत नव्हतं,” मी म्हटलं.

“मला सांगताय व्हय?” त्या म्हणाल्या. “घरात आमी त्यांच्या खांद्याला हात लावून बोलत व्हतो. पोरी दारातनं हाकच मारत नव्हत्या.”

“मला हे पोलिसांना सांगावं लागेल. त्याशिवाय कोंडू सुटणार नाही.”

“ते असताना त्यांच्या तोंडावर बोलायला तुमाला जमलं न्हाई. आता ते न्हाईत तर गावाला सांगनार. लोक काय म्हन्तील? भैऱ्याचा कान नावाजत व्हतो म्हन्तील.”

मी घाटातली गोष्ट सांगितली, तळपायांची. ती त्यांना ठाऊक नव्हती. तुम्ही घरी सांगितलीच नव्हतीत. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. वहाणा कोणत्या बाजूला काढून ठेवल्या तेसुद्धा विचारलं.

“ह्या कोंडूची बायकू काल येऊन गेली,” मग त्या म्हणाल्या. “डोंगरावरच्या वाडीतनं चालत आलती. कडंला पोर. उंबऱ्याच्या बाहीर बसली, आत ये म्हनलं तरी न्हाई आली. एक सबूद बोलली न्हाई. मीबी न्हाई.” त्यांनी पदर नीट केला. “जावा तुमी. पर सांगताना त्यांचा कान गेला व्हता एवढंच सांगा. अकल गेली व्हती असं कुनी लिवाय नगं.”

वडगावला फौजदारांनी मला बाकावर बसवून ठेवलं आणि मग बोलावलं. एकेक प्रश्न विचारत ते लिहीत गेले.

“ड्रायव्हरनं विचारलं, हे तुम्ही ऐकलं?”

“हो. दोनदा.”

“मग मयतानं का नाही ऐकलं?”

“त्यांना ऐकू येत नव्हतं.”

त्यांनी टाक खाली ठेवला. “सगळं मावळ सांगतं, त्यांच्यासारखा कान नाही.”

“ते खरंच होतं. दीड वर्षापूर्वीपर्यंत. त्यानंतर ते हातापायांनी काम करत होते, आणि ते कानांपेक्षा कमी नव्हतं. हेही लिहा.”

“तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं?”

“मला एकट्याला,” मी म्हणालो. वहिनींचं नाव घेतलं नाही.

“हा टोल्यांचा नियम कोणाचा?”

“माझा. माझ्या अक्षरातला कागद खांबावर आहे. त्यात एक ओळ कमी आहे, ती मी लिहिली नाही.”

त्यांनी जबाब लिहून माझ्याकडे सरकवला आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला. “जरा हळू वाचा. आम्हाला ऐकू येतं.” दारातला शिपाई हसला. दीड वर्षात माझा आवाज एवढा चढला होता हे मला तिथे कळलं. मी आवाज खाली आणून उरलेलं वाचलं आणि सही केली.

शेठनी मला कामावर ठेवलेलं नाही. ते अपेक्षित होतं.

कोंडूला संध्याकाळी सोडलं. आम्ही दोघं चालत स्टेशनवर आलो. त्याची दाढी वाढली होती. मी त्याला चहा घेऊन दिला. त्यानं तो तोंडाला लावला नाही, नुसता धरून बसला. कचेरीतल्या शिपायानं त्याला सगळं सांगितलं होतं.

“यादीवाले,” तो म्हणाला, “तुमाला ठावं व्हतं?”

“हो.”

“लय दिसांपासनं?”

“हो.”

“मला सांगायचं की वो. म्या खाली उतरलो असतो. दोन पावलं तर व्हती.”

तो रागानं बोलला नाही. मार्ग सांगावा तसं बोलला. गाडी आली, आम्ही चढलो. मळवलीला तो उतरला आणि रूळ ओलांडून वाडीच्या वाटेला लागला. वाटेवर त्याची बायको उभी होती. ती पुढे झाली नाही. तो जवळ आल्यावर मागं वळून त्याच्या पुढं चालायला लागली.

भाऊ, तुमची गोष्ट आता सगळ्यांना ठाऊक आहे. कामशेतच्या बाजारात लोक ती बोलतात, काही हसतातही. ते माझ्यामुळे. तुम्ही हयात असताना एका माणसाला, फक्त कोंडूला, ती सांगितली असती, तर आज कोणालाच सांगावी लागली नसती. कोंडू घरी पोचला, एवढंच तुम्हाला कळवायचं होतं.